तिसरी पायरी

नेरिसबाईंनी तळ्यावर जाळी ताणली.
बांबूंच्या टोकांना जुने टेनिसबॉल खोचले,
वाकून फूल हुंगणाऱ्याच्या डोळ्यात जायचे एखादे.
फॉक्सग्लोव्हपाशी पाटी, वेल्श आणि इंग्रजीत :
विषारी आहे. नुसतं बघा.

मग पिवळ्या रंगाचा डबा घेऊन
बसल्या तिसऱ्या पायरीशी.
शेवाळ खरवडलं, कड रंगवली.
एमलिन इथंच घसरला, नोव्हेंबरात.
ट्यूलिपचे कंद गडगडत गेले
ते जिथं थांबले तिथंच उगवलेत,
वेडेवाकडे.

रविवारी त्रेसष्ट माणसं, एक बाबागाडी.
सगळी इथं जपून उतरली.
ट्यूलिप असे का, एका मुलीनं विचारलं.
‘त्यांचं तेच ठरलं,’ म्हणाल्या.

संध्याकाळी फाटक लावून
मागच्या दाराचा वळसा न घेता
पायरीवरूनच वर आल्या.
मधोमध पिवळा पुसट झालेला.
आणखी एक हात द्यायला हवा.