शिळा

धुळ्यातला माझा छापखाना म्हणजे
एक दाबयंत्र, सात शिळा आणि उधारीची वही.
बेटावदहून गाडीवानाकरवी तुमचं बाड आलं, नथ्थू मास्तर,
गुळाच्या फडक्यात बांधलेलं.
मुंग्यांनी ते माझ्याआधी वाचलं.

मी कळवलं: कागद महाग, प्रती तीनशेच,
मोबदल्यात पंचवीस पुस्तकं घ्या,
आणि तेवढं 'आंडेर' काढा,
पुण्याकडे हसतील. 'कन्या' घाला.
पाव आण्याच्या कार्डावर तुमचं उत्तर:
"शेटजी, कन्या पंचांगात असते.
विहिरीवर गेली ती आंडेर."

छापखाना माझा होता.
चौतीस ठिकाणी कन्या केली.
तुम्ही पंचवीस प्रती मोजून घेतल्या, पावती दिली,
पुन्हा बाड दिलं नाही.
फक्त दर दिवाळीला कार्ड: किती खपली?
एकेचाळीस, मी लिहायचो.
पुढल्या साली त्रेचाळीस.

एक सांगायचं राहिलं.
शेवटच्या पानांची शिळा मी पुसली नव्हती,
दुसरी आवृत्ती निघाली तर, म्हणून.
नऊ वर्षं ती भिंतीशी टेकून होती.

परवा पांझरेच्या वाळूने घासली,
जिनवाल्याची बिलं छापायची होती.
पहिल्याच बिलावर, रुईच्या गाठींच्या आकड्यांखाली
पुसट उमटलं: आंडेर.
नक्कलनविसाच्या नजरेतून सुटलेली
पस्तिसावी.

बिल वाया गेलं.
ते पाकिटात घालून तुम्हाला धाडलं आहे.
वहीत लिहिलं: टपाल, अर्धा आणा.
कोणाच्या नावे टाकावा,
तो रकाना अजून कोराच आहे.