खारपाणपट्टा

दर्यापूर सोडलं नि काटा चढू लागला.
मागं कापसाच्या गाठी, पुढं मे महिना,
सावलीला एक बाभूळ, तीही अर्धीच.

डाहुले ड्रायव्हरनं बोनेट उघडलं.
वाफ बसेस्तोवर दोन बिड्या झाल्या.
मी कॅन घेऊन हापशीकडं निघालो
तर फटफटीवरून उतरता उतरता
इस्राईल मिस्त्री ओरडला,
"नोको लेका! हे पानी इंजिनाले चालत नाई."

ओलं पोतं टाकून त्यानं झाकण पिळलं.
खाली सोडलं ते पाणी विटकरी,
आणि नळीत बोटभर पांढरी खपली,
आमच्या घरी चहाच्या गंजाला असते तीच.
मग बाटलीतलं हिरवं औषध
आणि बॅटरीचं पाणी, विकतचं,
निम्मं निम्मं,
बाळाला घुटी द्यावी तसं.

हापशीवर एक बाई गुंड भरत होती.
तिनं विचारलं, "हिरवं ते कितीले पडते जी?"
"पेयाचं नाई ते, माय. जहर हाये."
ती नुसती हसली,
चुंबळ नीट केली, गुंड उचलला.
मिस्त्री उगाच झाकण पुसत राहिला.

काटा मधात आला तो अकोल्यापर्यंत हलला नाही.
इंजिन बोलत होतं
जेवून सुपारी कातरत बसलेल्या माणसासारखं.
डाहुले खुशीत. म्हणाला, पाणी दे.
सीटखालची बाटली मी पुढं केली,
कोमट,
त्याच हापशीवर भरलेली.