वाढ

हडर्सफील्डचं हॉस्पिटल, खोली सहा.
भिंतीवर डोंगराचं चित्र, मेंढ्यांसकट.
मी दुभाषी. तासाचे एकोणीस पौंड,
पार्किंग माझं मला.

डॉक्टर हॉलिस म्हणाल्या, 'अ स्मॉल ग्रोथ',
आणि पेनाला टोपण लावलं.
आता माझी पाळी.

मुलगा खिडकीशी. निशिकांत, लीड्सला विमा कंपनीत.
हा शब्द तो दर तिमाहीला
आलेखावर हिरव्या रंगात दाखवतो.
आज त्याच्या हातातली पावती चुरगळत गेली.

'ऑल राइट, लव्ह?' मॉरीन नर्सने विचारलं.
इथे बसचा ड्रायव्हरही लव्ह म्हणतो.
यमुताईंना अर्थ कुणी सांगितला नव्हता,
बरंच झालं.

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

गाठ म्हणावं, तर यावलकडे
त्या आजाराचं नावही घेत नाहीत,
'त्याला ते झालं' म्हणतात, आणि पुढचं कुणी विचारत नाही.
मी भ्याले.
'छोटीशी वाढ झालीय,' म्हटलं, 'पोटात.'

यमुताईंनी पदर तोंडाला लावला.
'अगं बाई. सत्त्याहत्तराव्या वर्षी?'

डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणाल्या?
मी शब्दाला शब्द सांगितला: विचारतायत, या वयात?
'हो,' डॉक्टर गंभीरपणे म्हणाल्या,
'या वयात जास्तच आढळते.'

मी ते मराठीत आणलं नाही.
नियमावलीत हे बसत नाही, मला माहीत आहे.

मग यमुताई डाव्या मनगटाकडे बघत बसल्या.
तिथे एक बांगडी कमी होती.
'परवा नळाखाली वाढली,' त्या म्हणाल्या.
'फुटली म्हणू नये ना.
तू कुठली वाढ म्हणालीस
ते कळलं हो मला.'

डॉक्टर वाट बघत होत्या.
निशिकांतला मराठी येतं, पण तो खिडकीबाहेर बघत होता.
बांगडी, नळ, न उच्चारायचं क्रियापद,
एवढं सगळं इंग्रजीत नेईपर्यंत
पुढचा पेशंट आत आला असता.
'शी अंडरस्टँड्स,' मी म्हटलं.
तेवढंच फॉर्मवर लिहिलं गेलं.

लिफ्टपाशी त्यांनी माझा दंड धरला.
'तोंड किती उतरलंय तुझं. जेवली नसशील.
घरी चल, गरम गरम वाढते.'

पुढची अपॉइंटमेंट अडीचला, वेकफील्डला.
पार्किंगचे चार पौंड ऐंशी झाले होते.