बंद झाल्याचं पान

आर्ब्रोथच्या मासेवाल्याचा फोन आला, नोव्हेंबरात.
इशबेल, वेबसाइटवर एक ओळ घालायची आहे.
मला वाटलं, नाताळच्या वेळा असतील.
म्हणाला, लिही: आम्ही दुकान बंद केलं.
एवढंच?
एवढंच. किती होतील?

चाळीस पौंड, म्हणाले
आणि जीभ चावली.
जास्त सांगितले की कमी, कोण जाणे.

तोवर आमचा स्टुडिओ बुडून सात महिने झाले होते.
डंडीतल्या तागाच्या जुन्या गिरणीत, तिसऱ्या मजल्यावर
अकरा जण बसायचो.
मग सहा.
मग मी, डुगल आणि कुंडीतलं रबराचं झाड.
कामं आधी लहान झाली,
मग पैसे उशिरा देऊ लागली,
मग पुढच्या तिमाहीत बघू म्हणाली,
मग फोनच उचलेनात.
शेवटी डुगलने खुर्च्या विकल्या.
खुर्च्यांना बरा भाव आला,
त्यांत बसून आम्ही जे केलं त्याच्यापेक्षा.

आता स्वयंपाकघरातलं टेबल.
एका टोकाला पाव, दुसऱ्या टोकाला दंतवैद्याचं थकलेलं बिल.
आठवणीची पत्रं मी फार जपून लिहिते.
सहज विचारते, अशी सुरुवात,
टे नदीवरच्या वाऱ्याबद्दल दोन वाक्यं,
ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं.
दंतवैद्याने एकोणीस आठवड्यांनी अर्धे दिले,
उरलेल्यात दाढ भरून देतो म्हणाला.
दाढ दुखत नव्हती.
तरी गेले.

भाचा सांगतो, मावशी, आता मशीन तीन मिनिटांत पान करतं.
दाखव, म्हटलं.
छान होतं, खोटं कशाला बोलू.
बेकरीच्या दारात एक बाई हसत उभी होती.
डंडीतल्या कुठल्याच बेकरीत
सकाळी सातला असं कुणी हसत नाही.

मासेवाल्याच्या एका ओळीला मला दोन रात्री लागल्या.
टोपली काढली. दरपत्रक काढलं.
मागणी नोंदवा, हे निळं बटण काढताना
बोट जरा थांबलं.
ते बटण गोल असावं की चौकोनी, यावर
आम्ही एक अख्खी दुपार भांडलो होतो,
पगारी दुपार.
फोटो एकच ठेवला: त्याच्या आईचे हात,
धुरावर टांगायच्या माशांची जोडी
शेपटीशी बांधताना, तागाच्या सुतळीने.
खाली ओळ.
ओळीखाली पुष्कळ पांढरी जागा.

मग तोंडोतोंडी पसरलं.
लोकरीचं दुकान. मोटार शिकवणारे वॉटसन पितापुत्र.
माँट्रोझचं एक अतिथीगृह, सात खोल्या, समुद्र दिसणाऱ्या दोन.
हिवाळ्याभरात सहा पानं केली, सगळी बंद झाल्याची.
बाजार पडला की पडल्याचाही बाजार होतो.
अंत्यविधीवाल्या गथरींचा फोन आला तेव्हा
मी आपोआप विचारलं, किती वर्षं होतं दुकान?
नाही हो, म्हणाले, आमचं चालू आहे.
फक्त फोन नंबर मोठा करून हवाय.

संकेतस्थळ म्हणतात याला,
ठरवून भेटायची जागा.
आपल्याला यायला जमणार नसेल
तर निदान निरोप ठेवून जावं.

मासेवाला पैसे द्यायला स्वतः आला.
पाकिटाला धुराचा वास,
सोबत कागदात शेवटच्या माशांची जोडी.
एक त्याच रात्री खाल्ला.
दुसरा खिडकीबाहेर थंडीत टांगला,
तो पहाटे कुरव पक्ष्यांनी नेला.
सुतळी ठेवून गेले.

जानेवारीत आकडे पाहिले, सवयीने.
त्या पानावर दोनशे बारा माणसं येऊन गेली.
एक जण चार मिनिटं थांबलं.
चार मिनिटं,
एका ओळीपाशी.

मार्चमध्ये त्याच्या होस्टिंगची मुदत संपत होती.
नऊ पौंड.
मी भरले, त्याला सांगितलं नाही.
खर्चाच्या वहीत कुठल्या रकान्यात मांडायचे
ते अजून ठरत नाही.