बरोबरीतले

रात्री दोनला उद्यमनगरातल्या भट्ट्या निवतात,
वरच्या मजल्यावर माझा पंखा तेवढा फिरतो.
पडद्यावर कॉन्फिगची फाईल:
किती सेकंद थांबायचं,
किती वेळा पुन्हा प्रयत्न.
एका ओळीशेजारी आठ वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलंय,
हाच आकडा का ते माहीत नाही, हात लावू नका.

मी लावत नाही.
माझं भांडण आतल्या रांगेशी आहे.
म्हणायची रांग, पण ते उलटं झाड,
मूळ वर, फांद्या खाली.
सगळ्यात निकडीचं काम मुळापाशी.
ते उचललं की तळातलं शेवटचं पान
त्या जागी नेऊन बसवायचं,
आणि त्यानं आपली पायरी ओळखत खाली उतरायचं.
मुळापुरतं खरं बोलतं हे झाड.
बाकीच्यांत कोण कुणाआधी, विचारू नये.

चार हजार चारशे सतरा नंबरचं काम
मंगळवारपासून आत आहे.
प्राधान्य पाच.
मागून आलेलेही पाचच, आणि ते निघून गेले.
तुलना म्हणते, समान.
समान म्हटलं की तिची जबाबदारी संपली.

झोप येईना. पहाटे स्कूटर काढून
गंगावेशीत दूधकट्ट्यावर गेले.
म्हशी उभ्या, चरवीत धारांचा आवाज,
रांग कसली, पंधरावीस जणांचा घोळका.
बंडा शिरगावे मान वर न करता म्हणाला,
"टोपीवालं मामा आधी. मग ही ताई.
तू थांब लेका, आत्ता तर आलायस."
मामा तोवर एक शब्द बोलले नव्हते.
पेला हातात आला तेव्हा फेस अजून
बारीक आवाज करत विरत होता.

वर येऊन प्रत्येक कामाला एक खूण जोडली,
तू कितवा आलास.
बरोबरी झाली तरच बघायची.
कॉन्फिगमध्ये त्यासाठी एक ओळ: हो किंवा नाही.

टार्टूहून यानिकाचा निरोप,
कल्पना बरी, पण मुळात 'नाही' ठेव.
वेग दोन टक्क्यांनी पडतोय.
ज्याला हवं तो चालू करील.

कोण करील, यानिका?
ही फाईल उघडायला येतं कोण?
जे आत थांबलेत ते तर नाहीच.

मी 'हो' लिहून पाठवलं.
चाचणीत चार हजार चारशे सतरा तिसरं निघालं.
खाली पहिली भट्टी पेटली, काचा थरथरल्या.
तिचं उत्तर अजून आलेलं नाही.