कानाखालचं पाणी

रात्री साडेनऊला शेवटचा पेशंट गेला की
मी टाकी भरते.
यंत्राच्या लेखी माणूस म्हणजे पाणीच,
म्हणून आधी पाण्यावर किरण सोडून बघायचे:
किती खोल गेले, कडेला किती सांडले.
वर कर्वे रस्त्यावरून मेट्रो जाते.
तळघरात ऐकू येत नाही, तरी मी थांबते,
पाणी पुन्हा सपाट होईपर्यंत.

उजगरेंना या भिंतींचं नवल नव्हतं.
"आमच्या खडकीला याहून जाड होत्या.
दारूगोळ्यात बत्तीस वर्षं काढली, मॅडम,
बोटं दहाची दहा आहेत, मोजा."
जिभेच्या मुळाशी गाठ.
मास्कची जाळी गरम पाण्यात मऊ होत होती
तेव्हा विचारलं, "किती सोडणार?"
म्हटलं, रोज दोन ग्रे, पस्तीस दिवस.
"ते नव्हे. आजूबाजूचं किती सोडणार?"

इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं हे.
गाठीभोवती आम्ही पाच मिलिमीटर जास्तीचे भाजायचो,
भीतीपोटी.
आता रोज आधी फोटो,
माणूस वाळला, गाठ आक्रसली, तर प्लॅन नवा,
असं करत तीनवर आलोय.
मधले दोन मिलिमीटर.
न भिजवलेला साबुदाणा एक.
तेवढ्यात कानाखालची लाळेची ग्रंथी
वाचते
किंवा नाही वाचत.

अभ्यासात चाळीस जण. नावं नाहीत, आकडे.
तोंड किती कोरडं पडतं? शून्य ते चार.
सतरा नंबरचा रकाना मार्चपासून रिकामा आहे.
तिथे मी शून्य लिहीत नाही.
संगणक लाल खूण करतो, करू दे.

एकवीस नंबर, म्हणजे शमुवेल उजगरे,
सहा महिन्यांनी आले, पाण्याची बाटली काखेत,
शर्टाची कॉलर दोन बोटं सैल.
"मंडईबाहेर एक जण कैरी कापत होता,
तिखटमीठ लावून.
खाल्ली नाही. नुसता उभा राहिलो."
मग?
त्यांनी डाव्या कानाखाली बोट टेकवलं,
जपून, जणू तिथे अजून काही उडेल.
"इथून सुटलं पाणी."

आणि उजवीकडून?
"ती बाई अजून रुसलेली."

हसलो दोघंही.
मी रकान्यात दोन लिहिलं.
एक लिहायचा मोह झाला होता.