वातीला

वाळूजला, शेडच्या मागं लॅब.
तौरबाई पट्टी उभी टांगतात,
खाली कापसाचा बोळा,
परभणीचा, भावाच्या रानातला.

दहा सेकंद ज्योत.
नुसतं इपॉक्सी पेटत वर जातं,
जळता थेंब कापसावर.
वहीत : नापास.

मग फॉस्फरसची पांढरी पूड.
जास्त पडली की आग विझते खरी,
पण पट्टी वाकवताच कट्‌कन मोडते,
विरी गेलेल्या पिठाची भाकरी जशी.

पूड कमी. चिमूटभर माती, मैद्याहून बारीक.
सतरावी पट्टी :
वर काळा पापुद्रा फुगला,
आग त्याच्याशीच भांडत बसली
आणि दमली.
तिची जुळी वाकवली. लवली, तुटली नाही.

कापूस पांढराच.
बाई बोळा पर्समध्ये टाकतात.
"कशाला हो?" अझीम विचारतो.
"वातीला."